रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर कळतो? पेशींच्या ‘पुड्यां’मागचं विज्ञान आणि दाव्यांमागचं गणित

सोशल मीडियावर ‘एक्सोसोम’ हा शब्द शोधला, तर दोन प्रकारच्या पोस्ट समोर येतात. एका प्रकारात चेहरा उजळवणारं, केस परत उगवणारं ‘एक्सोसोम थेरपी’चं पॅकेज असतं. दुसऱ्या प्रकारात दावा असतो की, रक्ताच्या किंवा लघवीच्या छोट्याशा नमुन्यातून कॅन्सर, पार्किन्सन, अल्झायमर असे आजार लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी ओळखता येतील.

पहिल्या प्रकाराबद्दल नंतर बोलू. दुसऱ्या प्रकारच्या दाव्यामागे मात्र गेल्या चाळीस वर्षांचं खरंखुरं विज्ञान आहे. या विज्ञानातून तयार झालेली एक चाचणी अमेरिकेत डॉक्टर वापरतातही. तरीही ‘एका थेंबात सगळे कॅन्सर’ ओळखणारी, सर्वमान्य अशी चाचणी अजून आलेली नाही.

असं का? एक्सोसोम म्हणजे नेमकं काय? त्यांच्यातल्या रसायनांवरून आजार कसा ओळखतात? आणि ‘९० टक्के अचूक’ अशी बातमी वाचली की, तिचा अर्थ कसा लावायचा?

पेशी बाहेर टाकतात त्या पिशव्या कसल्या?

आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी सतत अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडत असते. मेंदूच्या, यकृताच्या, मूत्रपिंडाच्या पेशी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, सगळ्याच. कॅन्सरच्या पेशीही त्याला अपवाद नाहीत.

या पिशव्यांना शास्त्रीय भाषेत ‘एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स’ म्हणजे पेशीबाह्य पुटिका म्हणतात. त्यांचं इंग्रजी लघुरूप ‘ईव्ही’ असं होतं, पण विजेवरच्या गाड्यांशी घोळ नको म्हणून इथे त्यांना सोप्या शब्दात ‘पुड्या’ म्हणू.

या पुड्या मुख्यतः दोन मार्गांनी तयार होतात. काही पेशीच्या आतच, एका मोठ्या कप्प्यात बनतात. तो कप्पा पेशीच्या बाहेरच्या आवरणाला येऊन चिकटतो आणि आतल्या पुड्या बाहेर ओततो. या पुड्या म्हणजे एक्सोसोम. त्यांचा आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर असतो. दुसऱ्या प्रकारच्या पुड्या थेट पेशीच्या आवरणालाच फुगवटा येऊन तुटतात. त्या सहसा थोड्या मोठ्या, अगदी १,००० नॅनोमीटरपर्यंत असू शकतात.

माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे १०० नॅनोमीटरची पुडी केसाच्या जाडीच्या आठशेवा भाग झाली. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून ती दिसणं शक्यच नाही. साध्या प्रकाशाने सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा लहान गोष्ट स्पष्ट वेगळी दिसत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो.

रक्त, लघवी, लाळ, अश्रू, आईचं दूध, मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी, अशा सगळ्या द्रवांत या पुड्या सापडतात. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये त्यांची संख्या अब्जांच्या घरात जाते.

आधी ‘कचरा’ म्हणून सोडून दिलं

या पुड्या पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा त्यांना कुणी फारसं महत्त्व दिलं नाही. १९६७ साली पीटर वुल्फ या शास्त्रज्ञाला रक्तातल्या बिंबिकांपासून म्हणजे प्लेटलेट्सपासून निघालेले बारीक कण दिसले. त्यांनी त्याला ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटलं.

१९८३ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट पाहिली. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन यांचा गट मेंढीच्या, तर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात फिलिप स्टाल यांचा गट उंदरांच्या अपरिपक्व तांबड्या पेशींवर काम करत होता. तांबडी पेशी परिपक्व होताना तिला नको असलेली काही प्रथिनं छोट्या पुड्यांमध्ये बांधून बाहेर फेकते, असं त्यांना आढळलं. पुढे जॉनस्टोन यांनी या पुड्यांना ‘एक्सोसोम’ हे नाव दिलं.

म्हणजे समज असा झाला की, हा पेशीचा कचरा आहे. पेशी घर साफ करते आणि पुडी बांधून बाहेर टाकते.

हा समज बदलायला १९९६ साल उजाडावं लागलं. ग्रासा रापोझो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या ‘बी’ पेशींच्या पुड्या दुसऱ्या पेशींना जागं करू शकतात. म्हणजे या पुड्यांमध्ये निरोपही असतो.

२००७ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात हादी वलादी, यान ल्योटवाल आणि सहकाऱ्यांनी पुढचा धक्का दिला. पुड्यांमध्ये आरएनए असतो आणि तो दुसऱ्या पेशीत पोहोचल्यावर कामही करतो, असं त्यांनी दाखवलं. आरएनए म्हणजे पेशीतल्या जनुकांचा चालू हुकूमनामा. कोणती प्रथिनं बनवायची, किती बनवायची, हे त्यावरून कळतं.

इथून निदानाची कल्पना पुढे आली. एखाद्या घरात काल काय शिजलं, कोण आजारी आहे, कोणती औषधं चालू आहेत, हे घरात न शिरता ओळखायचं असेल, तर त्या घराच्या कचऱ्याची पिशवी उघडून पाहावी. पेशीच्या बाबतीतही तेच. मेंदूतली गाठ, स्वादुपिंडातली गाठ अशा अडचणीच्या ठिकाणी सुई घालण्याऐवजी त्या गाठीने रक्तात सोडलेल्या पुड्या तपासल्या तर?

२००८ साली बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी नेमकं हेच करून पाहिलं. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा अतिशय आक्रमक कॅन्सर. त्या रुग्णांच्या रक्तातल्या पुड्यांमध्ये त्यांनी या गाठीशी जोडलेला एक विशिष्ट बदललेला आरएनए शोधला. २५ पैकी ७ रुग्णांमध्ये तो सापडला.

या निकालाला दोन बाजू आहेत. कवटी न उघडता मेंदूतल्या गाठीची खूण हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात मिळाली, ही मोठी गोष्ट होती. पण २५ पैकी १८ जणांमध्ये ती मिळाली नाही, हेही तितकंच खरं. त्यातल्या काहींच्या गाठीत मुळात तो बदल नसणारच. तरी हीच दुहेरी बाजू या क्षेत्राच्या प्रत्येक बातमीत दिसते.

पुडीत नेमकं काय असतं?

पुडीचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. कोलेस्टेरॉल, स्फिंगोमायलिन, फॉस्फॅटिडिलसेरीन असे घटक त्यात ठरावीक प्रमाणात असतात. आवरणावर प्रथिनं खोवलेली असतात. त्यातली सीडी९, सीडी६३ आणि सीडी८१ ही तीन प्रथिनं बऱ्याच पुड्यांवर सापडतात. त्यामुळे पुडी ओळखायला त्यांचा उपयोग होतो.

आत प्रथिनं, वेगवेगळ्या प्रकारचे आरएनए, क्वचित डीएनएचे तुकडे आणि पेशीच्या चयापचयातून तयार झालेली लहान रसायनं असतात.

पेशी आजारी पडली की, हे मिश्रण बदलतं. कॅन्सरची पेशी वेगाने वाढते, वेगळी प्रथिनं बनवते, तिच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचं प्रमाण बदलतं. तो बदल पुडीतही उतरतो. शिवाय पुडीचं आवरण आतल्या मालाचं रक्षण करतं. रक्तात मोकळा सुटलेला आरएनए काही क्षणांत नष्ट होऊ शकतो. पुडीतला टिकतो. निदानासाठी या पुड्या आकर्षक वाटण्याचं हे एक मोठं कारण आहे.

रासायनिक तपासणी कशी करतात?

आधी पुड्या वेगळ्या कराव्या लागतात. जुनी पद्धत म्हणजे अल्ट्रासेंट्रिफ्यूज. नमुना प्रचंड वेगाने फिरवायचा. गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक लाख पट जोर लागला की, पुड्या तळाशी बसतात. दुसरी पद्धत चाळणीसारखी आहे. बारीक छिद्रांच्या मण्यांनी भरलेल्या नळीतून नमुना सोडला की, मोठे कण आधी आणि लहान प्रथिनं नंतर बाहेर येतात. तिसऱ्या पद्धतीत वर सांगितलेल्या सीडी९, सीडी६३ सारख्या प्रथिनांना चिकटणारे गळ वापरून पुड्या पकडतात.

नंतर आतला माल मोजायचा. त्याचे तीन मार्ग जास्त वापरले जातात.

पहिला मार्ग पीसीआरचा. कोव्हिडच्या काळात हा शब्द घराघरात पोहोचला. ठरावीक आरएनए पुडीत आहे का, किती आहे, हे त्यातून कळतं.

दुसरा मास स्पेक्ट्रोमेट्रीचा. पुडीतल्या प्रथिनांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचं वस्तुमान मोजायचं आणि त्यावरून ते प्रथिन कोणतं हे ओळखायचं. न्यूयॉर्कमधल्या वेल कॉर्नेल मेडिसिनचे डेव्हिड लायडन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली अशा पद्धतीने ४२६ मानवी नमुन्यांतल्या पुड्यांची प्रथिनं तपासली. कॅन्सर असलेले आणि नसलेले नमुने, तसंच वेगवेगळे कॅन्सर प्रथिनांच्या गटांवरून वेगळे ओळखता येतात, असं त्यांना दिसलं.

तिसरा मार्ग भारतीयांच्या ओळखीचा आहे, तो म्हणजे रामन परिणाम. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात जाहीर केलेला हा शोध. याच दिवशी आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. एखाद्या पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला, तर परत येणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा हिस्सा रंग बदलून येतो. हा बदल त्या पदार्थातल्या रेणूंवर अवलंबून असतो. म्हणजे प्रत्येक रसायनाची एक खूण त्या प्रकाशात उमटते.

पुडीवर लेसर टाकला की, तिच्यातली प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, आरएनए या सगळ्यांची मिळून एक खूण मिळते. पुडी फोडावी लागत नाही, रंग लावावा लागत नाही. अडचण एवढीच की, ही खूण फार क्षीण असते. म्हणून सोन्याच्या किंवा चांदीच्या नॅनोकणांवर पुड्या ठेवून ती अनेक पटींनी वाढवतात आणि मग संगणकाला ‘निरोगी’ व ‘आजारी’ यांतला फरक शिकवतात.

दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०२३ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये अशाच पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुस, स्तन, मोठं आतडं, यकृत, स्वादुपिंड आणि जठर, असे सहा कॅन्सर एकाच चाचणीत ओळखायचा हा प्रयत्न होता. ५२० नमुन्यांवर तपासलं, तेव्हा कॅन्सर असलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के पकडले गेले आणि नसलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्क्यांना बरोबर ‘नाही’ असं उत्तर मिळालं.

ऐकायला हे आकडे जबरदस्त वाटतात. ते खरोखरच चांगले आहेत. पण ते ‘रक्ताच्या थेंबात कॅन्सर’ या मथळ्याला पुरतात का, हे गणित पुढे पाहू.

प्रत्यक्ष वापरात आलेली चाचणी कोणती?

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिच्या कॅन्सरची शंका असेल, तर रक्तात ‘पीएसए’ हे प्रथिन मोजतात. पण पीएसए नुसता कॅन्सरनेच वाढतो असं नाही. उतारवयात ग्रंथी मोठी झाली किंवा तिथे जंतुसंसर्ग झाला, तरीही तो वाढतो. पीएसए २ ते १० च्या दरम्यान आला की, डॉक्टर आणि रुग्ण दोघंही पेचात पडतात. बायोप्सी करावी, तर सुईने अनेक ठिकाणचे तुकडे घ्यावे लागतात. वेदना, रक्तस्राव, संसर्गाचा धोका असतो. न करावी, तर धाकधूक.

‘एक्सोडीएक्स प्रोस्टेट’ ही लघवीची चाचणी या पेचासाठी बनवली आहे. लघवीतल्या पुड्यांमधून ईआरजी, पीसीए३ आणि एसपीडीईएफ या तीन जनुकांचा आरएनए मोजला जातो आणि ० ते १०० मध्ये एक गुण दिला जातो. १५.६ च्या खाली गुण आला, तर आक्रमक कॅन्सरची शक्यता कमी मानतात.

२०१६ साली ‘जामा ऑन्कॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही चाचणी ५१९ पुरुषांवर पडताळून पाहिली गेली. चाचणीचं ऐकलं असतं, तर १३८ बायोप्सी म्हणजे २७ टक्के टळल्या असत्या. त्या बदल्यात जास्त धोक्याच्या एका गटातल्या कॅन्सरपैकी ५ टक्के निसटले असते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने म्हणजे एफडीएने तिला ‘ब्रेकथ्रू डिव्हाइस’ हा दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे. पुढची तपासणी लवकर व्हावी म्हणून दिलेलं प्राधान्य, एवढाच त्याचा अर्थ.

या चाचणीत लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तिला विचारलेला प्रश्न. ‘तुम्हाला कॅन्सर आहे का?’ हा तो प्रश्न नाही. ‘पीएसए वाढलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या या पुरुषाची बायोप्सी आत्ता टाळता येईल का?’ हा तो प्रश्न आहे. शिवाय नमुना लघवीचा आहे. प्रोस्टेटच्या पुड्या मूत्रमार्गात थेट उतरतात. पत्ता शोधायला फार फिरावं लागत नाही.

मग सगळ्या आजारांसाठी असं का होत नाही?

कारण रक्त हे घंटागाडीसारखं आहे.

एका घराच्या दारातली पिशवी उघडून त्या घराबद्दल सांगणं सोपं. पण अख्ख्या प्रभागाचा कचरा एकाच घंटागाडीत पडला की, त्यातली एका घरची पिशवी शोधणं अवघड होतं. रक्तात शरीरातल्या सगळ्या अवयवांच्या पुड्या असतात. त्यातल्या बऱ्याचशा रक्तपेशी आणि प्लेटलेट्सच्याच असतात. सुरुवातीच्या टप्प्यातली गाठ हरभऱ्याएवढी असेल, तर तिच्या पुड्या या गर्दीत नगण्य असतात. आणि सुरुवातीचा टप्पा पकडणं हाच तर चाचणीचा हेतू असतो.

शिवाय रक्तात पुड्यांसारखेच दिसणारे दुसरे कण असतात. कोलेस्टेरॉल आणि चरबी वाहून नेणारे लायपोप्रोटीन कण पुड्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतात, आणि त्यांचा आकारही बराच जुळतो. म्हणून यंत्राने दाखवलेलं रसायन पुडीतलं आहे की तिच्यासोबत आलेल्या कणातलं, हा प्रश्न प्रत्येक प्रयोगात उभा राहतो.

या प्रश्नाने भल्याभल्या निष्कर्षांना अडवलं आहे. दोन उदाहरणं पाहू.

पहिलं स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं. हा कॅन्सर बहुतेकदा उशिरा कळतो, म्हणून फार घातक ठरतो. २०१५ साली ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. त्यात १९० रुग्णांच्या रक्तातल्या पुड्यांवर ग्लिपिकन-१ हे प्रथिन सापडलं आणि त्यावरून रुग्ण व निरोगी माणसं शंभर टक्के वेगळी ओळखता आली, असं म्हटलं होतं. जगभर मथळे झाले. पण इतर गटांना तसा स्वच्छ निकाल मिळाला नाही. २०१७ च्या एका अभ्यासात तर पुड्यांवरचं ग्लिपिकन-१ निदानाला उपयोगी पडत नाही, उलट काही मायक्रोआरएनए जास्त उपयोगी दिसतात, असा निष्कर्ष निघाला.

दुसरं उदाहरण मेंदूचं. पार्किन्सन आणि अल्झायमरच्या संशोधनात अनेक वर्षं एक युक्ती वापरली गेली. एल१कॅम नावाचं प्रथिन मज्जापेशींवर भरपूर असतं. ते ज्या पुडीवर असेल, ती पुडी मेंदूतून आलेली, असं धरून रक्तातून अशा पुड्या पकडायच्या. या गृहीतकावर बरेच शोधनिबंध उभे राहिले. २०२१ साली हार्वर्डशी संलग्न डेव्हिड वॉल्ट यांच्या गटाने ‘नेचर मेथड्स’मध्ये दाखवलं की, रक्तद्रवात आणि मेंदूभोवतीच्या द्रवात एल१कॅम पुड्यांसोबत नव्हे, तर मोकळ्या प्रथिनांसोबत आढळतं. म्हणजे ज्या पिशवीवर घराचं नाव लिहिलंय असं वाटत होतं, ते नाव पिशवीवर नव्हतंच. ते शेजारी पडलेल्या कागदावर होतं. या निष्कर्षावरही वाद आहेत, पण ती युक्ती आता कुणी डोळे झाकून वापरू शकत नाही.

नमुना घेतानाच गडबड होते

आणखी एक अडचण प्रयोगशाळेच्या दाराबाहेरची आहे. शिरेतून काढलेलं रक्त नळीत पडून राहिलं, तर त्यातल्या प्लेटलेट्स नव्या पुड्या सोडत राहतात. रक्त जेवणानंतर घेतलं, तर चरबीचे कण वाढलेले असतात. नमुना हलला, रक्तपेशी फुटल्या, गोठवून पुन्हा वितळवला, की मोजमाप बदलतं.

आपल्याकडे तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेला नमुना दुपारी शहरातल्या लॅबमध्ये पोहोचणं रोजचं आहे. साखर किंवा थायरॉइडच्या तपासणीसाठी ही साखळी बसवली गेली आहे. पुड्यांच्या तपासणीला मात्र वेळेचे आणि हाताळणीचे फार कडक नियम लागतील.

म्हणूनच या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४, २०१८ आणि नंतर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नमुना कसा घेतला, पुड्या कशा वेगळ्या केल्या, सोबत भेसळ किती आहे, हे सगळं उघड सांगा, असा त्यांचा आग्रह आहे. पुडी पेशीच्या आतल्या कप्प्यातच तयार झाली हे सिद्ध करता येत नसेल, तर तिला ‘एक्सोसोम’ म्हणू नका, असंही त्यात सुचवलं आहे. जाहिरातींमध्ये सर्रास वापरला जाणारा हा शब्द शास्त्रज्ञ स्वतः इतक्या जपून वापरतात.

‘९० टक्के अचूक’ म्हणजे नेमकं किती?

आता ते राहिलेलं गणित. वरच्या कोरियन अभ्यासातले आकडे घेऊ. कॅन्सर असलेल्या १०० पैकी सुमारे ९० पकडले जातात. नसलेल्या १०० पैकी साडेपाच ते सहा जणांना चुकून ‘आहे’ असं सांगितलं जातं.

समजा, ही चाचणी काहीही त्रास नसलेल्या एक लाख लोकांची केली. त्यात ५०० जणांना खरोखर कॅन्सर आहे असं धरू. चाचणी त्यातले साधारण ४५० जण पकडेल, ५० निसटतील. उरलेल्या ९९,५०० निरोगी लोकांपैकी सुमारे ५,५७० जणांचाही रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेले एकूण ६,०२० आणि त्यात खरे रुग्ण ४५०. दर १३ घाबरलेल्या माणसांमागे खरा रुग्ण एक.

बाकीच्या १२ जणांना काय भोगावं लागेल? सीटी स्कॅन, एंडोस्कोपी, बायोप्सी, रजा, खर्च, आणि अहवाल येईपर्यंत घरातल्यांची उडालेली झोप.

आता तीच चाचणी वेगळ्या ठिकाणी वापरू. समजा, १,००० लोक असे आहेत की, ज्यांच्याबद्दल डॉक्टरांना आधीच दाट शंका आहे आणि त्यातल्या ३०० जणांना खरोखर कॅन्सर आहे. चाचणी त्यातले सुमारे २७० पकडेल. ७०० निरोगी लोकांपैकी फक्त ३९ जणांचा रिपोर्ट चुकीचा पॉझिटिव्ह येईल. म्हणजे दर १० पॉझिटिव्ह रिपोर्टमागे जवळपास ९ खरे.

चाचणी तीच, यंत्र तेच, रसायनं तीच. फरक पडला तो कुणाची तपासणी केली यामुळे. प्रोस्टेटची चाचणी वापरात आली, ती अशाच मर्यादित गटात, मर्यादित प्रश्नासाठी. सरसकट सगळ्यांसाठीची चाचणी अडली आहे, त्यामागे हे गणित मोठं कारण आहे.

आणखी एक पायरी असते. आजार लवकर कळला, म्हणजे माणूस वाचलाच असं नसतं. लवकर कळल्यामुळे मृत्यू खरोखर कमी झाले का, हे हजारो लोकांना वर्षानुवर्षं पाहूनच ठरवावं लागतं.

आणि ते ‘एक्सोसोम फेशियल’?

निदानासाठी पुड्या तपासणं आणि उपचार म्हणून पुड्या शरीरात टोचणं या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत तुमच्याच शरीरातून आलेली पुडी वाचली जाते. दुसरीत दुसऱ्या कुठल्या तरी पेशींच्या पुड्या तुमच्या शरीरात जातात.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात अशी अमान्य उत्पादनं दिलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाल्याची प्रकरणं समोर आल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये एफडीएने जाहीर सावधगिरीची सूचना दिली. तोवर तिथे एकाही एक्सोसोम उत्पादनाला मंजुरी नव्हती. निदानाच्या संशोधनातली विश्वासार्हता जाहिरातीत उसनी घेतली जाते, तेव्हा हा फरक लक्षात ठेवायला हवा.

भारतासाठी याचा अर्थ काय?

भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे. तंबाखू, गुटखा, मावा ही त्याची मुख्य कारणं. इथे लाळेतल्या पुड्यांची तपासणी विशेष उपयोगी ठरू शकते. लघवी जशी प्रोस्टेटच्या जवळची, तशी लाळ तोंडातल्या जखमेच्या जवळची. घंटागाडीत शोधाशोध न करता दारातलीच पिशवी मिळते. जगभरात या दिशेने संशोधन सुरू आहे.

पण ती चाचणी येईपर्यंत थांबायचं कारण नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील लोकांसाठी तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची तपासणी आधीच ठरवलेली आहे. तोंडाच्या तपासणीला लागतो एक टॉर्च आणि शिकलेली नजर. तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं, ही लक्षणं दाखवायला कोणत्याही नॅनोकणांची गरज नाही.

पुढची बातमी वाचताना काय पाहाल?

पुड्यांच्या संशोधनाच्या बातम्या येत राहतील. त्यातल्या काही पुढे खऱ्या चाचण्याही होतील. अशी बातमी फॉरवर्ड करण्याआधी चार गोष्टी पाहता येतात.

एक, किती लोकांवर तपासलं? पन्नास की पाच हजार? दोन, ती माणसं कोण होती? आधीच निदान झालेले रुग्ण आणि ठणठणीत तरुण यांतला फरक ओळखणं सोपं असतं. खरी परीक्षा त्रास नसलेल्या किंवा मिळतीजुळती लक्षणं असलेल्या लोकांमध्ये होते. तीन, दुसऱ्या कुठल्या स्वतंत्र प्रयोगशाळेला तोच निकाल मिळाला का? ग्लिपिकन-१ ची गाडी इथेच अडली. चार, रिपोर्ट आल्यावर डॉक्टर नेमकं काय वेगळं करणार? प्रोस्टेटच्या चाचणीत याचं उत्तर स्पष्ट आहे: बायोप्सी टाळायची की नाही.

चाळीस वर्षांपूर्वी ज्याला कचरा म्हटलं, त्यात आजाराची खबर असते, हे आता नक्की झालं आहे. ती खबर कोणत्या घरातून आली, हे खात्रीने सांगता येणं, हे आजचं खरं काम आहे. ते जिथे जमलं, तिथे चाचणी रुग्णापर्यंत पोहोचली. जिथे अजून जमलेलं नाही, तिथे कोणी ‘एका थेंबात सगळं’ म्हणत असेल, तर पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना वरचे चार प्रश्न विचारणं शहाणपणाचं.